कुणाच्या पायांनी?

परुळेकर बाई मला पहिल्यांदा भेटल्या त्या डोंबिवली स्टेशनच्या जिन्याखाली, आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मी तुमच्या मागून आले तर हरकत नाही ना?"

मी बारावी होऊन खटाव तालुक्यातून कॉलेजसाठी आले होते. बरोबर आप्पा, म्हणजे माझे वडील, एक पत्र्याची पेटी, एक वळकटी आणि आईने दिलेला शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. समोर पन्नाशीच्या एक बाई उभ्या. अंगावर सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट, काखेत छत्री, हातात वही आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ. आप्पा एसटीत कंडक्टर होते. अनोळखी माणसाकडे आधी संशयाने बघायचं आणि मग तिकीट फाडायचं, हा त्यांचा वीस-बावीस वर्षांचा सराव. त्यांनी पेटी या हातातून त्या हातात घेतली.

"मागनं? ते कशापायी वं बाई?"

"तुम्ही कॉलेजला निघालात ना? तुम्हाला तिथे पोचायला किती वेळ लागतो ते मला बघायचंय. माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी नाहीच असं समजा आणि तुमच्या चालीने चाला."

आता मागून कुणी घड्याळ घेऊन येत असताना ती नाहीच असं कसं समजणार? आप्पा दर वीस पावलांवर मान वळवून बघत होते. "असं बी फसवत्यात हिकडं," असं मला हळूच म्हणाले. आम्ही थांबलो की बाई थांबायच्या आणि समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभ्या राहायच्या. नाल्याच्या पुलापाशी आम्ही चुकीचं वळण घेतलं, चांगली पाच मिनिटं भलतीकडे गेलो, विचारत विचारत परत आलो. बाई मुकाट्याने आमच्यामागून गेल्या आणि मुकाट्याने परत आल्या. कॉलेजच्या फाटकाशी पोचल्यावर त्यांनी घड्याळ पाहिलं आणि वहीत लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाल्या, "एकोणतीस मिनिटं. एक पेटी, एक वळकटी, एक चुकलेलं वळण."

आप्पा तापले. "वळान चुकलं तवा सांगाया काय झालं हुतं?"

"सांगितलं असतं तर तुमचा खरा वेळ कसा कळला असता?" बाई म्हणाल्या. "पण चूक तुमची नाही. तिथे बाणाची पाटी नाहीये. उद्या लावून घेते."

आप्पा दोन क्षण त्यांच्याकडे बघत राहिले. मग पेटी खाली ठेवून हसले. "आमच्यात याला रनिंग टाइम म्हनत्यात. हापिसात बसून लिवलेला येगळा आन गाडीत बसून बघितल्याला येगळा." त्यावर बाईंचा चेहरा असा फुलला, की प्रवेशाची खिडकी उघडेपर्यंत ती दोघं एसटीच्या वेळापत्रकावरच बोलत उभी होती. मी पेटीवर बसून होते. पाटी मात्र दुसऱ्या दिवशी खरंच लागली. मी मुद्दाम जाऊन पाहिली.

या बाईंमुळेच आपण या कॉलेजात आलो, हे आम्हाला तिथे फाटकाशीच कळलं. झालं होतं असं, की आमच्या हेडमास्तरांनी तीन कॉलेजांच्या माहितीपुस्तिका आणून दिल्या होत्या. दोन पुस्तिकांमधली गावं निसर्गरम्य होती, शांत होती आणि तिथे म्हणे शिक्षणाला पोषक वातावरण होतं. तिसरीच्या शेवटच्या पानावर 'आमचं गाव' असा मथळा होता आणि खाली हे लिहिलं होतं:

'स्टेशनपासून कॉलेज: हात मोकळे, वय विशीतलं, सकाळची वेळ असेल तर चौदा मिनिटं. सामान आणि आईवडील बरोबर असतील तर पंचवीस. रिक्षा सात मिनिटांत पोचवते, पण सकाळी दहाला तिच्या रांगेत वीस मिनिटं जातात. पावसाळ्यात पुलापाशी पाणी साचतं, तेव्हा मागच्या रस्त्याने या. पाणी बहुतेक इमारतींत ठरलेल्या वेळीच येतं. खोली बघायला जाल तेव्हा आधी बादल्या किती आहेत ते पाहा. कारखान्यांच्या बाजूने काही संध्याकाळी वास येतो. सवय होते असं सांगतात. लिहिणारीला अजून झालेली नाही. गाणं, नाटक, व्याख्यान महिन्यातून एखादं तरी फुकट ऐकायला मिळतं. पुढच्या रांगा राखीव असतात, पण मागे बसून नीट ऐकू येतं. बसून पाहिलं आहे. दिवाळीच्या पहिल्या सकाळी फडके रोडवर सगळी तरुण मंडळी नटूनथटून जमतात. पहिल्या वर्षी ओळखीचं कुणी नसेल तर त्या गर्दीत फार एकटं वाटतं. दुसऱ्या वर्षी वाटत नाही.'

आप्पांनी हे पान तीनदा वाचलं. मग आईला म्हणाले, "ही मानसं लपवत न्हाईत. हितं पोरगी ठेवाया हरकत न्हाई."

बाईंना जाऊन आता पाच महिने झाले. त्यांच्याबद्दल लिहायला बसले तर पहिली अडचण ही, की त्यांनी मला एकही विशेषण धड वापरू दिलं नाही. त्या भूगोल शिकवायच्या. मूळच्या वेंगुर्ल्याच्या, लग्न केलं नव्हतं, आणि नोकरीच्या निमित्ताने डोंबिवलीत आल्या त्या इथल्याच झाल्या. माहितीपुस्तिकेचं शेवटचं पान त्या दर वर्षी नव्याने लिहीत. मागच्या वर्षीचं पान समोर ठेवून चार आकडे बदलायचे, हे त्यांना मंजूर नव्हतं. एप्रिल उजाडला की कॅनव्हासचे बूट बाहेर यायचे आणि बाई गावभर फिरायला लागायच्या. सोबतीला जो सापडेल तो. एकदा त्या एका गरोदर बाईंबरोबर मंडईपर्यंत गेल्या, एकदा बँकेतल्या शिपायाबरोबर त्याच्या सायकलमागून. कुणीही कुठलंही अंतर सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुणाच्या पायांनी?"

वर्गात मी एकदा उत्तर दिलं होतं, की अमुक गाव नदीपासून जवळ आहे. बाई खडू ठेवून म्हणाल्या, "जवळ? कुणाच्या पायांनी, कदम? हंडा डोक्यावर असलेल्या बाईच्या, की नकाशावर बोट फिरवणाऱ्या तुझ्या?" वर्ग हसला. मीही हसले, पण त्यानंतर 'जवळ' हा शब्द मी फुकट वापरलेला नाही.

आता हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण अशा माणसाबरोबर राहणं सोपं नव्हतं. लग्नाच्या पत्रिकेत 'स्टेशनपासून पाच मिनिटे' असं छापलेलं असलं, की बाई हॉलवर पोचून नवरीच्या वडिलांना आधी "अकरा" असं सांगायच्या आणि मग अभिनंदन करायच्या. त्यांचे सहकारी त्यांना लांबून येताना पाहिलं की रस्ता बदलायचे. त्यांची भाची म्हणायची, "आत्याबरोबर कोथिंबीर आणायला गेलं तरी हजेरी लागते." स्वतःचं चुकलं तर त्या लगेच कबूल करत, पण दुसऱ्याचं बरोबर असू शकतं हे मान्य करायला त्यांना एखादा दिवस लागायचा. हे मी लिहिते आहे ते त्यांच्याच नियमाने. नुसती स्तुती लिहिली असती तर त्यांनी कागद परत केला असता.

पण त्या गावाची उणीदुणी काढत बसायच्या असं कुणाला वाटत असेल तर तेही खरं नाही. आमच्या वर्गात निनाद नावाचा मुलगा होता, रोज ठाण्याहून यायचा. त्याने परिसराच्या टिपणात लिहिलं, की या गावात धूळ, खड्डे आणि रिक्षावाल्यांची अरेरावी सोडून काहीच नाही. आम्हाला वाटलं, बाई खूश होतील. बाईंनी त्याला उभं केलं. "काहीच नाही हे तू कधी मोजलंस?" आणि त्याला एक तास रिक्षा स्टँडवर जाऊन बसायची शिक्षा दिली.

निनाद घामाघूम होऊन परत आला. "मॅडम, सॉलिड पकलो मी. पण खरं सांगू? सात जणांना ते डायरेक्ट नाही बोलले. जवळचं भाडं नको म्हणून."

"आणि?"

"आणि एका आजींना एकाने घरी सोडलं, तो परत आला, परत गेला. मी विचारलं तर बोलला, आजींची पिशवी राहिलेली गाडीत."

"मग दोन्ही लिही," बाई म्हणाल्या. "सात आणि एक. एकाचे सात करू नकोस आणि सातांतला एकही गाळू नकोस. नावं ठेवायची असतील तरी पायपीट करूनच ठेवायची."

हा हट्ट कुठून आला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी तिसऱ्या वर्षाला होते. दुपारची वेळ, भूगोल विभागाची खोली, बाईंनी डब्यात घावणे आणले होते. मी सहज विचारलं, की बाई, या एका पानासाठी एवढं काय? त्यांनी घावण्याचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला.

"पहिल्यांदा हे पान लिहिलं तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते आणि भरभर चालायचे. लिहिलं, स्टेशनपासून कॉलेज पंधरा मिनिटं. खोटं नव्हतं गं. मला पंधराच लागायची. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कोकणातून एक मुलगी आली आपल्या आईला घेऊन. आईला दम्याचा त्रास. त्यांच्या हिशोबाने त्या खिडकी बंद व्हायच्या अर्धा तास आधी स्टेशनवर उतरल्या होत्या. पंधरा मिनिटं म्हणजे वेळ भरपूर. पोचल्या तेव्हा खिडकी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. मी ग्रंथालयातून बाहेर आले तर आई पायरीवर बसलेली, श्वास लागलेला, आणि मांडीवर पुस्तिका उघडी. शेवटचं पान."

"मग तुम्ही काही केलं नाही?"

"कार्यालयात जाऊन भांडले. पण जागा भरून गेली होती. बाहेर आले आणि त्या बाईंना म्हणाले, माझी चूक झाली, हे मी लिहिलंय. ती मला एक शब्द वाईट बोलली नाही. म्हणाली, तुमचं बरोबर असेल हो, आम्हीच हळू चाललो." बाईंनी हातातला तुकडा डब्यात परत ठेवला. "ती मुलगी पुढे शिकली की नाही, मला माहीत नाही. मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही, कदम. एवढी गडबडून गेले होते, की नाव विचारायचंच राहिलं."

मग त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला आणि घावणे गार होताहेत म्हणाल्या. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

बाई साठाव्या वर्षी निवृत्त झाल्या आणि पुढे ठाण्याला वर्तकनगरमध्ये भाचीकडे राहायला गेल्या. मी शिकले, लग्न करून डोंबिवलीतच राहिले आणि त्याच कॉलेजात मराठी शिकवायला लागले. तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढंच मानधन, आणि पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ते पुढच्या वर्षीच कळणार. बाईंचं पान त्यांच्यामागे तसंच छापलं जात राहिलं. आकडे कुणी बदलले नाहीत, पण पान काढलंही नाही.

दोन वर्षांपूर्वी परिस्थिती बिघडली. शीळफाट्याच्या बाजूला नवी कॉलेजं झाली, काचेच्या इमारतींची, स्वतःच्या बसगाड्या असलेली. आमचे प्रवेश घटले, एक तुकडी बंद झाली. संस्थेचा रोजचा कारभार बघणाऱ्या कार्यवाहांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, काळजीत होता.

"मॅडम, यंदा पुस्तिका एकदम नवी करायची. ड्रोनने फोटो वगैरे. फक्त ते शेवटचं पान तुम्ही नव्याने लिहा. वास येतो, पाणी साचतं, हे काय आहे? लोकांना पॉझिटिव्ह पाहिजे हो. अजून एक तुकडी गेली तर कुणाला थांबवावं लागेल, ते तुम्हाला माहितीये." शेवटचं वाक्य त्यांनी मान खाली घालून म्हटलं.

मला माहीत होतंच. सगळ्यात आधी मला थांबवावं लागणार होतं. माझा मुलगा सातवीत, नवऱ्याची नोकरी खासगी. मी घरी जाऊन दोन तासांत पान लिहून काढलं. 'स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, सांस्कृतिक परंपरेच्या कुशीत वसलेलं...' असं ते सुरू होत होतं. लाजिरवाणी गोष्ट ही, की लिहिताना मला मजा आली. कुठेही अडलं नाही, कुठेही जाऊन बघावं लागलं नाही.

छापायला द्यायला आठ दिवस होते. ते पान घेऊन मी वर्तकनगरला का गेले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी रागवावं आणि मी सुटावं, असंच काहीतरी मनात असणार. बाईंच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याला डॉक्टर थांबा म्हणाले होते. खिडकीजवळच्या खुर्चीत, काठी मांडीवर आडवी ठेवून बसल्या होत्या. त्यांनी पान वाचलं, चष्मा काढला. आता 'कुणाच्या पायांनी' येणार म्हणून मी तयार होऊन बसले. पण त्यांनी ते विचारलंच नाही.

"मराठी चांगलं आहे तुझं," एवढंच म्हणाल्या.

मला रडूच आलं. म्हटलं, "बाई, तुम्हाला काय जातंय? तुमची नोकरी पक्की होती. तुकडी बंद पडली तर पहिली मी घरी बसणार. मिनिटं मोजून माझं घर चालणार आहे का?" मी त्यांच्याशी अशी कधीच बोलले नव्हते. आतून त्यांची भाची बाहेर आली आणि परत आत गेली.

"तुझी अडचण खोटी नाहीये, कदम," बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तुला हे लिहू नकोस असं सांगणार नाही. मला तो हक्कच नाही." चहा आला, आम्ही प्यायलो. मग कप खाली ठेवत त्या म्हणाल्या, "माझं एक काम करशील? मला एकदा स्टेशनपासून कॉलेजपर्यंत चालायचंय. ते पान बत्तीस वर्षांच्या पायांनी लिहिलं, पन्नाशीच्या पायांनी लिहिलं. या पायांनी कुणी मोजलेलंच नाही."

भाचीने डोक्याला हात लावला. पण बाईंना नाही म्हणणं तिलाही कुठे जमत होतं? लगेचच्या शनिवारी सकाळी आम्ही गाडी करून निघालो. शीळफाट्याला जे अडकलो ते सव्वा तास, आणि बाईंनी तोही वहीत टिपला. स्टेशनच्या जिन्याखाली उतरल्यावर त्यांनी मनगटावरचं ते भलंमोठं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "मागून ये. मी नाहीच असं... नाही, तू नाहीच असं समजते मी. आणि मी हाक मारल्याशिवाय पुढे यायचं नाही."

मी मागून निघाले. पुढे काठी, मग एक पाय, मग दुसरा पाय. पांढरे कॅनव्हासचे बूट तेच होते. औषधांच्या दुकानापाशी बाई थांबल्या. धाप लागली होती. मी धावणार, तेवढ्यात दुकानदार आतून स्टूल घेऊन बाहेर आला. "बसा ना आजी. इथे बसतात लोक." त्या बसल्या. सहा मिनिटं. मग पुढे बदामाच्या झाडाखाली एका बंद पडलेल्या झेरॉक्सच्या दुकानाचा ओटा होता, तिथे आठ मिनिटं. मी त्या रस्त्याने वीस वर्षं जात होते. तिथे ओटा आहे हे मी त्या दिवशी पाहिलं.

नाल्याच्या पुलाजवळ भोईर मावशींची इमारत लागते. शिकत असताना मी त्यांच्याकडेच खोली घेऊन राहायचे. मावशी इथल्या मूळच्या. त्यांच्या घरच्यांची कोपरच्या खाडीकडे मिठागरं होती, आता चार मजल्यांची इमारत आहे, पण दाराबाहेरची बाज त्यांनी हलवलेली नाही. त्यांनी बाईंना लांबूनच ओळखलं.

"ये गो बाय, बस आदी. पानी पी. या वयान कवरं चालतंस?"

"पान लिहायचंय, मावशी. गावाचं."

"मंग आमचे गल्लीन पानी भरतं ते पन लिव हां. लपवू नको. आन माझी बाज पन लिव. कोनीबी बसूं दे, मना काय?"

बाई बाजेवर बसून पाणी प्यायल्या आणि आल्या रस्त्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मला हाक मारली. मी जवळ गेले.

"कदम, या रस्त्यावर बसायला तीन जागा आहेत. मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं गं. मी कधी बसलेच नाही ना." थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ती बाई कुठे बसली असेल?"

मावशींनी तांब्या परत भरून आणला. मग आम्ही उठलो. फाटकाशी पोचल्यावर मी घड्याळ पाहिलं. बावन्न मिनिटं झाली होती. बाई घामाने भिजल्या होत्या आणि परीक्षेत पहिली आलेल्या मुलीसारख्या हसत होत्या.

मी माझं पान घरी येऊन फाडलं. फार धैर्याने वगैरे नाही. नवं पान लिहिलं. जुने आकडे पुन्हा चालून तपासले, वास ठेवला, पाणी ठेवलं, फडके रोड ठेवला. आणि एक नवा मजकूर घातला: 'हळू चालावं लागत असेल तर बावन्न मिनिटं धरा. वाटेत बसायला तीन जागा आहेत. पहिली औषधांच्या दुकानात, स्टूल मागितलं की देतात. दुसरी बदामाखालचा ओटा. तिसरी पुलाजवळ भोईर मावशींच्या दारातली बाज. तिथे पाणीही मिळतं.'

कार्यवाहांनी वाचलं. "बावन्न मिनिटं? अहो मॅडम, बावन्न मिनिटं छापणारं कॉलेज जगात हे एकच असेल!" मी म्हटलं, "सर, मी याच पानावरून इथे आले होते." त्यांनी कपाळ चोळलं, पानं उलटली, ड्रोनचा फोटो पुढे घेऊन पाहिला. मग कागद बाजूला सारत म्हणाले, "जाऊ दे. शेवटचं पान वाचतं कोण!" आणि ते तसंच छापायला गेलं.

आता या पानामुळे प्रवेश वाढले, तुकड्या भरल्या, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. प्रवेश होते तेवढेच राहिले. आणखी तुकडी बंद पडली नाही आणि मला पुढच्या वर्षी बोलावणं आलं, एवढंच खरं आहे, आणि ते कशामुळे ते मला माहीत नाही.

त्या जूनमध्ये कागदपत्रं तपासायचा शेवटचा दिवस होता. एक वाजता खिडकी बंद होणार. साडेअकराच्या सुमाराला मी कॉलेजला निघाले होते, तर बदामाखालच्या ओट्यावर एक गृहस्थ बसलेले दिसले. पन्नाशीचे, छातीवर हात, शर्टाचं वरचं बटण उघडं. शेजारी फाइल छातीशी धरून एक मुलगी उभी. गृहस्थांच्या मांडीवर पुस्तिका उघडी होती.

मी जागच्या जागी थांबले. मग जवळ जाऊन विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? रिक्षा बघू?"

"नको नको," ते म्हणाले. "रिक्षाची रांग बघितली, त्यापेक्षा हे बरं. बायपास झालंय माझं, म्हणून थांबत थांबत. हा दुसरा टप्पा. आता फक्त ती बाज राहिली." त्यांनी पानावर बोट ठेवून दाखवलं.

मुलगी हसली. "मी घाबरलेले, उशीर होईल म्हणून. पण बाबा बोलले, बावन्न लिहिलंय ना, आपण सत्तर धरू. मुरबाडहून नऊच्या एसटीने निघालो."

मी पुढे गेले नाही. त्यांच्या मागून चालले, जरा अंतर ठेवून. भोईर मावशींनी त्यांना पाणी दिलं, आणि गावातल्या पाऊसपाण्याच्या गप्पाही ऐकवल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी ते फाटकातून आत गेले. पाऊण तासाने मुलगी शिक्का मारलेला कागद हातात घेऊन बाहेर आली आणि तिने तो आधी वडिलांना दिला.

मी फाटकाशीच उभी राहून बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, ओट्यापासून शिक्क्यापर्यंत.

"नाव विचारलंस?" बाईंनी विचारलं.

"विचारलं, बाई. प्राजक्ता देसले. वडिलांचं नाव रमेश."

"थांब," त्या म्हणाल्या. "वही घेते."